जादा एकतीस न्यूटन-मीटर

मंगळवारी सकाळी मी सायकलचा बॉटम ब्रॅकेट एकतीस न्यूटन-मीटर जास्त आवळला आणि नियमाप्रमाणे तेवढाच घट्टपणा अण्णांच्या उजव्या मुठीतून वजा झाला.

आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत प्रत्येक घराला घट्टपणा ठरवून दिलेला असतो. एका जागी जास्त वापरला की दुसरीकडून कमी होतो, आणि जो सगळ्यांत अलीकडे मिळवलेला असेल तो आधी जातो. बरण्यांची झाकणं, नळ, माझ्या चष्म्याचे स्क्रू हे सगळं जुनं, म्हणून शाबूत राहिलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मूठ नवी होती. अर्धांगवायूनंतर सात महिने रबरी चेंडू दाबून दाबून त्यांनी ती परत आणली होती. चहाचा कप स्वतः धरायला लागून त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते.

हे मला ठाऊक होतं. तरीही जोर वाढावा म्हणून मी पान्याच्या दांड्याला पाइप लावला. बॉटम ब्रॅकेट म्हणजे पायडलचे दोन्ही दांडे, म्हणजे क्रँक, ज्या आसावर बसतात, त्याचं बेअरिंगवालं नळकांडं. सोबतच्या कागदावर ‘चाळीस’ असं स्वच्छ छापलं होतं. पण कागद छापणाऱ्याला आमचे रस्ते कुठे माहीत, असं मी मनाशी म्हणालो. दुकानदार ठरवलेला जोर झाला की ‘कट्’ वाजणारा टॉर्क पाना देऊ करत होता, तेव्हा ‘आपला हाताचा अंदाज आहे’ म्हणून मी हसलोही होतो. हा अंदाज मला कुठून आला ते विचारू नका. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो.

अण्णांचा कप फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी दुसरा क्रँक बसवून हात पुसत होतो.

बारा वाजता घट्टपणा निरीक्षक कुंभोजकर बाई आल्या. त्यांनी आधी सायकल मोजली, मग अण्णांच्या हातात वर्तमानपत्र देऊन बघितलं. ते कसंबसं राहिलं.

“पाइप किती लांब?”

“दीड फूट.”

“कशासाठी लावला?”

“घट्ट बसावा म्हणून.”

“बसला का?”

“बसला.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. “चारच्या आत सोडवून चाळीसवर आणा. चारनंतर नोंद कायम होते.”

“म्हणजे काय होतं?”

“मूठ सायकलची होते.”

तुम्हीच करून द्या, असं मी सुचवून पाहिलं. आम्हाला फक्त मोजता येतं, असं त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मी दोन्ही क्रँक काढले. उजव्या बाजूला पाना लावून, सगळं जग जसं सोडवतं तसा डावीकडे जोर दिला. अण्णांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं.

“उलटं फिरवायलाईस की रे,” अण्णा कॉटवरून म्हणाले. “उजव्या बाजूचे आटे उलटे असत्यात.”

“अण्णा, तुम्ही पडून राहा. मी व्हिडिओ पाहिलेत.”

आणखी एक झटका दिला. त्यांच्या बोटांतून रुमालसुद्धा सुटला.

“आता छत्तीस जादा,” कुंभोजकर बाई म्हणाल्या.

सात महिने मी त्यांच्या शेजारी बसून चेंडूचे आकडे म्हटले होते, आणि ते सगळं मी एका सकाळी सायकलमध्ये पिळून घातलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी पाना उजवीकडे फिरवला. हलेना. पाइप लावू का, असं बाईंना विचारलं. सोडवताना हरकत नाही, असं त्या म्हणाल्या.

नळकांडं निघालं. मी धावत जाऊन दुकानदाराकडून टॉर्क पाना मागून आणला. त्यानं तो हसत काढून दिला, हे जास्त लागलं. आटे पुसले, ग्रीस लावलं, सुरुवातीचे फेरे बोटांनीच दिले, तेही अण्णा सांगतील त्या बाजूला. मग पाना चाळीसवर लावून सावकाश दाब दिला. चार वाजायला सहा मिनिटं असताना ‘कट्’ असा आवाज आला.

काम झालं होतं. पण माझा हात आणखी पाव फेरा द्यायला निघाला. वरून थोडं जास्त असावं, असं त्याला आतून वाटत होतं. मी पाना जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर बसलो.

“बस झालं,” अण्णा म्हणाले. “हिकडं ये.”

मी जवळ गेलो. त्यांनी उजवा हात उचलला, माझा कान चिमटीत धरला आणि पिळला. कान चांगलाच दुखला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते सोडायला तयार नव्हते, आणि मीही सोडा म्हणालो नाही.

कुंभोजकर बाई उठल्या. त्यांनी माझ्या कानाशी मीटर धरला, चष्मा वर करून आकडा वाचला.

“साडेतीन न्यूटन-मीटर,” त्या म्हणाल्या. “नियमात आहे. चालू द्या.”