सोवळ्यातला धातू

पंक्तीत जिलबी वाढली गेली, की डॉ. वामन टिकेकर तिच्यावर रिकामा द्रोण उपडा घालीत आणि शेजारच्यास विचारीत, "आता दिसते का?" तो नाही म्हणाला, की त्यांचा चेहरा खुले. "नाहीच दिसणार. अजून एन्झाइम कुठे आलंय?"

वाढपी कुरकुरे, "मास्टरजी, ठंडी हो जाएगी."

काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यात टिकेकरांचे दार माझ्या दारासमोर. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. मी निवृत्त वकील. नळ कोरडा पडला, की महापालिकेस कलमांसह पत्र धाडतो आणि उत्तर येईपर्यंत स्मरणपत्रे धाडीत राहतो. अन्याय निमूटपणे सोसणे हा मी गुन्हाच समजतो.

टिकेकरांचा ध्यास मला मात्र तोंडपाठ झाला होता. एमआरआयच्या वेळी कधी कधी रोग्यास गॅडोलिनियम या धातूपासून केलेले औषध टोचतात. त्या धातूस पाणी भिडले, की तो भाग चित्रात उजळतो. टिकेकरांचे म्हणणे असे, की धातूवर साखरेच्या रेणूचे असे झाकण बसवावे, की पाणी त्यास भिडूच नये. शरीरात जिथे ठरावीक एन्झाइम काम करीत असेल, तिथे ते साखर तोडील, पाणी आत शिरेल आणि नेमकी तेवढीच जागा उजळेल.

"आज नुसता आकार दिसतो, वकीलसाहेब. मला आत चाललेलं काम बघायचंय."

हेच त्यांनी एकदा गल्लीत समजावले. "धातू सोवळ्यात आहे. पाण्याचीसुद्धा शिवाशीव नाही. एन्झाइम येतं, सोवळं मोडतं, की लख्ख उजेड."

पूजेस निघालेले वृद्ध भाऊशास्त्री थबकले. "सोवळं मोडून उजेड? वाम्या, हे तुझ्या कॉलेजात सांग. इथे सुना ऐकताहेत."

ही कल्पना टिकेकरांनी काही वर्षांपूर्वी एका परदेशी नियतकालिकास रजिस्टर टपालाने पाठवली होती. पोच आली, उत्तर आले नाही.

सत्त्याण्णव साली एका दुपारी ते चपला न घालताच माझ्याकडे धावत आले. हातात एका परदेशी लेखाची झेरॉक्स होती. "झालं, वकीलसाहेब. तिकडे करून दाखवलं. तीच साखर, तेच झाकण. एन्झाइम आलं आणि उजळलं." त्यांना बसवेना, ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

माझे मस्तक भडकले. मी तत्काळ टाइपरायटर ओढला आणि नोटिशीचा मसुदा केला: कल्पनेचा अग्रहक्क, रजिस्टरची पावती, पंधरा दिवसांची मुदत. "पावती आणा," मी म्हणालो. "तुमचे नाव लागल्यावाचून मी यांना सोडणार नाही."

टिकेकरांनी मसुदा वाचला आणि पालथा ठेवला.

"नोटीस गेली, की त्यांचा वकील उत्तर देईल."

"देऊ दे. मी समर्थ आहे."

"मला वकिलाचं उत्तर नकोय हो." ते प्रथमच खुर्चीत टेकले. "इतकी वर्षं जिलब्या झाकतोय. लोक हसतात. तुम्हीही हसता, मला माहीत आहे. हे ज्यांना कळतं अशी चार माणसं आज पहिल्यांदा सापडली. त्यांच्याशीच भांडू?"

मी त्या लेखकांना पत्र लिहिण्यासाठी दुसरा कागद चढवला. टिकेकर सांगत गेले: झाकण किती घट्ट बसते, दुसरे एन्झाइम चालेल का, काशीस आलात तर माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. प्रश्नांनी दोन पाने भरली.

"श्रेयाविषयी निदान एक ओळ," मी म्हणालो.

ते उठून खिडकीपाशी गेले. "लिहा. हे मलाही सुचलं होतं."

मी ती ओळ टाइप केली.

"नको, खोडा. लिहा, लेख फार आवडला. सवडीने उत्तर द्यावे."

खोडलेले तिकडच्यांना दिसले असते. मी नवा कागद घेतला.