जळबाचं साल

कबड्डी म्हणजे काय, हे अख्ख्या गोरेगावात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस म्हणजे गावचे पोस्टमास्तर बंडोपंत. हे मत खुद्द बंडोपंतांचं होतं, त्यामुळे त्यात पक्षपात असेल अशी शंका त्यांना कधी आली नाही. मध्यरेषा त्यांनी आयुष्यात एकदाच ओलांडली होती, शाळेत असताना. तेव्हा ते परत आले आणि चड्डी पलीकडेच राहिली. त्यानंतर त्यांनी खेळापेक्षा खेळाच्या अभ्यासावर भर दिला.

बाकी गावाचं मत वेगळं होतं. गावाच्या मते कबड्डी कळायची ती पुनमचंद शेठला.

शेठचं कापडाचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. रोज दिवेलागणीला दुकानाच्या ओट्यावर मंडळी जमायची, आणि कोण चढाईला चांगला, कोणाचा गुडघा गेला, कोणाला आणखी एक वर्ष ठेवावं, यावर खल चालायचा. ठेवावं म्हणजे खरोखरच ठेवावं. संघातले निम्मे खेळाडू सालगडी होते. पाडव्याला शेतकऱ्याने गड्याचं साल धरायचं, म्हणजे वर्षभरासाठी त्याला कामावर ठेवायचं, ही रीत सगळीकडेच असते. पण गोरेगावात साल धरताना औत येतं का, हे विचारायचा प्रघात हळूहळू मागे पडला होता. सोनाजी पाटलांचा मुंजाजी नांगराचं तास असं वाकडं काढायचा की ते बघून बैलांनाही लाज वाटावी. पण चढाईला गेला की दोघंतिघं बाद करूनच परतायचा, म्हणून पाटलांनी चौथ्यांदा त्याचं साल वाढवलं होतं.

आणि हा मुंजाजी शेठने शोधलेला होता. बंडोपंतांच्या काळजात खुपायचं ते इथेच.

शेठ बोलायचे फार थोडं. बंडोपंत अर्धा तास बोलून एखाद्या खेळाडूच्या मांडीचं, मनगटाचं आणि मनोधैर्याचं विश्लेषण करायचे. मंडळी ऐकून घ्यायची आणि मग शेठकडे बघायची. शेठ हातातलं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायचे आणि त्या खेळाडूबद्दल एकच शब्द सांगायचे. "टिकेल." नाहीतर, "आटेल." की झालं. जो टिकेल म्हटला तो टिकायचा. जो आटेल म्हटला तो तीन सामन्यांत इतका आटायचा की पुढच्या पाडव्याला त्याला कोणी गुरं वळायलाही ठेवत नसे. बंडोपंतांनी एकदा शेठच्या पद्धतीची नक्कल म्हणून एका खेळाडूला "उसवेल" म्हणून पाहिलं. तो गडी पुढे तालुक्याच्या संघात गेला.

त्या वर्षी पाडव्याच्या आधी बंडोपंत काही कामाने सिद्धेश्वरला गेले होते. धरण बघायला म्हणून ते एका मच्छीमाराच्या होडीत बसले, आणि वाकून पाणी किती खोल आहे याचा अंदाज देत असताना त्यांचा चष्मा पाण्यात पडला. होडी चालवणारा गडी चष्म्यामागे पाण्यात गेला.

गेला तो गेलाच. पाण्यावर बुडबुडासुद्धा येईना. काठावरच्या बायका घागरी ठेवून उभ्या राहिल्या. बंडोपंत मनातल्या मनात पंचनाम्याला काय सांगायचं ते जुळवू लागले, आणि ते जुळत आलं तेवढ्यात तो गडी वर आला. एका हातात चष्मा होता. दुसऱ्या हातात काहीतरी वळवळत होतं, पण डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे ते काय आहे हे बंडोपंतांना दिसलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: दम.

कबड्डी म्हणजे शेवटी दुसरं काय? दम. एका दमात जायचं, एका दमात यायचं. मुंजाजीचा दम म्हणजे याच्या दमापुढे म्हाताऱ्याचा खोकला. गड्याचं नाव जळबा. पंचविशीतला, मिशाळ, दारासारखा रुंद. होडी काठाला लागायच्या आत बंडोपंतांनी त्याचं साल धरलं. एक वर्षाचं नाही, तीन वर्षांचं, म्हणजे दुसऱ्या कोणाला पळवता येऊ नये.

"औत किती बैलांचं हाय?" जळबाने विचारलं.

"औत नाही," बंडोपंत म्हणाले. "मी पोस्टात आहे."

जळबाने मान डोलावली. सरकारी काम असेल, असं त्याला वाटलं असावं.

घरी अनुसूयाबाईंनी गडी बघितला, त्याच्या पाठीवरचं जाळं बघितलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. आपल्याला शेत कुठे आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न. हा किती भाकरी खातो, हा दुसरा. बंडोपंतांनी पहिल्याचं उत्तर टाळलं आणि दुसऱ्याचं जेवताना कळलं. तिसऱ्या दिवशी जळबाने कृतज्ञतेपोटी ओढ्यातून दोन मासे आणून तुळशीजवळ ठेवले. अनुसूयाबाईंनी सगळं अंगण शेणाने सारवून काढलं आणि दिवसभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी जळबाने न सांगता आडाचं पाणी शेंदून सगळे रांजण भरले, लाकडं फोडली आणि परसातला वर्षभर पडलेला दगड उचलून बाहेर नेला. अनुसूयाबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला ताकाचा तांब्या दिला. मासे मात्र तुळशीपासून लांब ठेवायचे, एवढं ठरलं.

हनुमान जयंतीला सेनगावला सामने होते. तोवर हा हिरा शेठच्या नजरेस पडू द्यायचा नाही, असा बंडोपंतांचा निश्चय होता. शेठने बघितलं असतं तर अंगठा चोळून एक शब्द टाकला असता आणि शोधाचं सगळं श्रेय त्या शब्दाला गेलं असतं. म्हणून जळबाला मैदानावर नेलंच नाही. सगळा सराव परसात. जळबाने रांजणात डोकं घालायचं आणि बंडोपंतांनी शेजारी पाटावर बसून आकडे मोजायचे. मोजता मोजता बंडोपंतांना डुलकी लागायची, ते दचकून जागे व्हायचे, आणि जळबा तसाच रांजणात असायचा.

"मास्तर, दम सोडायचा कवा?" त्याने एकदा विचारलं.

"रेषेच्या अलीकडे आल्याशिवाय सोडायचा नाही. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. प्राण गेला तरी बेहत्तर, दम सोडायचा नाही."

"बराबर," जळबा म्हणाला.

सेनगावला अंतिम सामना पडला कळमनुरीशी. सगळं गोरेगाव जीपच्या टपावर बसून आलं होतं. कळमनुरीच्या बाजूला त्यांचा कारभारी भावसिंग फेटा सावरत उभा होता. मध्यंतराला गुण बरोबरीत आले, आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्याच चढाईत मुंजाजीचा पाय मुरगळला. त्याला उचलून बाहेर आणलं. सोनाजी पाटलांनी कपाळाला हात लावला.

बंडोपंत याच क्षणासाठी जगत होते. ते शेठच्या समोरून, मुद्दाम हळू, चालत गेले आणि गर्दीमागे बसवून ठेवलेल्या जळबाला घेऊन आले.

"ह्यो कोन?" पाटील म्हणाले.

"हा माझा शोध," बंडोपंत म्हणाले. "याच्याइतका दम उभ्या मराठवाड्यात नाही. शेठ, बघून घ्या." शेठने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. बंडोपंतांना ते फार गोड वाटलं.

जळबाने मध्यरेषेवर उभं राहून गालांचे फुगे होईपर्यंत श्वास घेतला, तोंड घट्ट मिटलं आणि आत शिरला.

मैदानावर एकदम शांतता पसरली. इतकी की लिंबाच्या झाडावरचे कावळेही थांबले. कळमनुरीचे सातही गडी बुचकळ्यात पडले. समोरून येणारा माणूस कबड्डी म्हणत नाही, हुतुतू म्हणत नाही, नुसता डोळे वटारून, बेडकासारखा फुगून, पाण्याखाली चालावं तसा सावकाश चालत येतो आहे. हा खेळाडू आहे की याला काही झालंय, हे त्यांना ठरवता येईना. तो विचार करतानाच जळबाने एकाच्या खांद्याला, एकाच्या पोटाला आणि एकाच्या नाकाला हात लावला, वळला आणि त्याच चालीने परत आला.

गोरेगावने टोप्या उडवल्या. पंचांनी शिट्टी फुंकली आणि जळबाकडे बोट केलं. चढाई करणारा बाद.

बंडोपंत रेषा ओलांडून धावले. पंच म्हणाले, याने दमच घेतला नाही. बंडोपंत म्हणाले, दम नाही म्हणता? अहो, या माणसाने दम कुठे सोडलाय ते दाखवा. पंच म्हणाले, तोंडातून कबड्डीचा शब्द यायला पाहिजे, त्याला दम म्हणतात. बंडोपंत म्हणाले, शब्द बोलला तर हवा बाहेर जाईल, मग दम कुठून राहील? हे बोलताना आपण काय बोलतो आहोत हे त्यांच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं, पण वाद अर्ध्यात सोडायची त्यांना सवय नव्हती.

"मास्तर," सोनाजी पाटील मागून म्हणाले, "वाद नंतर घाला. त्या गड्याकडं बघा आधी."

जळबा तसाच उभा होता. चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता, डोळे बाहेर आले होते, आणि नजर बंडोपंतांवर खिळली होती. त्याला अजून कोणी सोड म्हटलं नव्हतं.

"सोड रे बाबा," बंडोपंत म्हणाले.

जळबाने दम सोडला. मध्यरेषेची फक्की हातभर उडाली.

सगळं मैदान हसत होतं. कळमनुरीवाले तर मातीत बसले होते. "काहून आनला हो ह्याला?" पाटलांनी विचारलं, आणि त्यात राग नव्हता, कुतूहल होतं. बंडोपंतांना राग चालला असता.

तेवढ्यात शेठ उठले. धोतराचा सोगा सावरत जळबाजवळ गेले, त्याचा उजवा हात हातात घेतला आणि तळव्याची कातडी अंगठा आणि बोटात धरून चोळली.

"काय काम करतोस?" त्यांनी विचारलं.

"मासे धरतो. हातानं. जाळं नसलं तरी."

"निसटतात?"

जळबा या प्रश्नाला हसला.

शेठ पाटलांकडे वळले. "हा परत आत आला की याला चढाईला पाठवू नका. कोपऱ्यात उभा करा, पकडायला. पकडणाऱ्याला कुठं बोलावं लागतं?" आणि थोडं थांबून म्हणाले, "टिकेल."

पुढे जे झालं ते सेनगावात बरीच वर्षं सांगितलं जात होतं. कळमनुरीचा एक गडी बाद होताच जळबा आत आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. त्यांचा सगळ्यात चपळ गडी अंगाला तेल चोळून आला होता, म्हणजे जळबाच्या सोयीचंच. त्याचा घोटा जळबाच्या हातात गेला तो त्याचा शब्द तुटेपर्यंत सुटला नाही. दुसरा आला, तोही. तिसरा जळबाने सवयीप्रमाणे धरला, उचलला आणि काठावर टाकला, म्हणजे प्रेक्षकांत. पंचांनी बराच वेळ नियम आठवले. असा नियम त्यांना आठवेना. गोरेगाव जिंकलं.

परतताना जीपमध्ये बंडोपंतांनी आपली बाजू मांडली. जळबाला आणलं कोणी? सिद्धेश्वरला गेलं कोण? साल कोणी धरलं? कोणी वाद घातला नाही. सोनाजी पाटलांनी तर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हय मास्तर. आनला तुमीच. पन पारखला शेठनं."

त्या दिवशी बंडोपंत जेवले नाहीत. मुंजाजी शेठचा, जळबाही शेठचाच. उद्या धरणाचा शोधही शेठने लावला म्हणतील. सेनगावहून निघताना भावसिंगने त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, गडी आमच्याकडं देता का, मास्तर? तेव्हा ते नाही म्हणाले होते. आता वाटू लागलं, काहून नाही? जळबा कळमनुरीला गेला की शेठने ओट्यावर बसून खुशाल अंगठा चोळावा. गाव हरलं तरी चालेल. सकाळी उठून ते गोरेगावच्या जीप थांब्यावर गेले आणि कळमनुरीच्या जीपवाल्याजवळ निरोप दिला: भावसिंगला सांगा, गडी घेऊन जा.

फार हलक्या मनाने ते घरी आले. ओट्यावर चहाच्या रिकाम्या कपबश्या पडल्या होत्या.

"शेठ आणि पाटील येऊन गेले," अनुसूयाबाई म्हणाल्या. "जळबाचं साल आणखी पाच वर्षं वाढवायचं म्हणत होते. कळमनुरीवाले टपून बसलेत म्हणे."

"मग?"

"मी हो म्हणाले."

बंडोपंत म्हणाले की आपण आत्ताच जळबाला कळमनुरीला देऊन टाकलंय. अनुसूयाबाईंनी विचारलं, तुम्ही कोण देणारे? पाणी कोण शेंदतं? परसातला दगड वर्षभर कोणाला हलला नव्हता? जळबा आडाजवळ उभा होता. बंडोपंतांनी त्याच्याकडे बघितलं.

"बाई म्हनतील तसं," जळबा म्हणाला.

भावसिंग दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेला. जळबा राहिला. वर्षभर शेठच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. त्याची पकड, त्याचा कोपरा, आणि शेठची नजर. बंडोपंतांनी त्या बाजूने जाणंच सोडलं.

पुढच्या हनुमान जयंतीला सगळं गाव पुन्हा जीपच्या टपावर बसून सेनगावला गेलं. मैदानात दोन खांब रोवले होते आणि मधे जाळं बांधलं होतं. कबड्डीत फार मारामाऱ्या होतात म्हणून यंदापासून व्हॉलीबॉल ठेवलं आहे, असं पंचांनी सांगितलं.

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू पकडायचा नसतो.