महामहिम आणि गल्लीतलं गटार

"एक सांगून ठेवते, सकाळचा चहा होईपर्यंत दारात एकही माणूस नको," राजदूत निवासाच्या बागेत टेबल पुसता पुसता वहिनींनी बजावलं. "तीस वर्षं गार चहा प्यायले मी. आता नाही."

"इथं कोण येणार आहे?" भाऊ म्हणाले. म्हणाले अशा आवाजात, की कोणालाही दया यावी.

भाऊ म्हणजे सलग सात वेळा निवडून आलेले खासदार. त्यांच्या घराच्या ओसरीवर सकाळी उजाडायच्या आत खुर्च्या भरायच्या. कोणाला बदली हवी असायची, कोणाला नळजोडणी, कोणाला नुसताच भाऊंचा हात खांद्यावर हवा असायचा. भाऊ प्रत्येकाचं ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "काम झालं समजा." निम्मी कामं खरंच व्हायची. उरलेल्या निम्म्यांतली माणसं आपलं काम झालं असं समजून खूश राहायची आणि भाऊ पुन्हा निवडून यायचे.

मग पक्षानं तिकीट एका तरुणाला दिलं. भाऊंचा दांडगा अनुभव वाया जाऊ नये, म्हणून तो देशाबाहेर वापरायचं ठरलं. पण नेमणुकीचं पत्र यायला बरेच महिने लागले आणि ते महिने वाईट गेले. भाऊ रोज पहाटे दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून ओसरीवर बसत. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. माणसं नव्या खासदाराकडे. एका सकाळी तर भाऊंनी पुढच्या खुर्चीला "बोला, काय काम काढलंत?" असं विचारलेलं वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि मग त्यांनी पक्षाच्या अध्यक्षांच्या बायकोला असा काही फोन लावला, की चार दिवसांत पत्र हातात पडलं.

देश शेजारचाच होता. भाषा तीच, शिव्यासुद्धा त्याच, फक्त सरकार वेगळं. दूतावासाचे सचिव म्हणजे मोठे जपून वागणारे गृहस्थ. शिंक आली तरी आधी विचार करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी भाऊंना "महामहिम" अशी हाक मारली, तेव्हा कोण आलं म्हणून भाऊंनी मागे वळून पाहिलं होतं.

"महामहिम, आपल्याला तीन वाक्यं पुरतील," सचिव म्हणाले. "‘फार छान’, ‘नोंद घेतली आहे’ आणि ‘मायदेशी कळवतो’."

"आणि कामं कधी करायची?"

"कामं करायची नसतात, महामहिम. संबंध ठेवायचे असतात."

भाऊंनी महिनाभर संबंध ठेवले. संध्याकाळी कुठल्या तरी समारंभात हातात सरबताचा ग्लास घेऊन उभं राहायचं आणि सकाळी बागेतल्या मोकळ्या खुर्च्यांकडे बघत बसायचं. इथंही खुर्च्या होत्याच, आणि चांगल्या वेताच्या होत्या. भाऊ त्यांच्याकडे बघायला लागले की वहिनी त्यांच्या हातात पेपर कोंबायच्या.

त्या दिवशी वहिनींनी टेबल पुसून ट्रे आणून ठेवला. ट्रेमध्ये किटली, बिस्किटं आणि तीन कप होते. भाऊंनी पेपर उघडला, तेवढ्यात फाटकावर खडखडाट झाला. समोरच्या घरातल्या आजी काठी टेकत आत आल्या.

"हे बघा, राजदूत असाल तुमच्या घरी!" आजी म्हणाल्या. "तुमच्या झाडाची पानं माझ्या दारातल्या गटारात पडतात. गटार तुंबलंय. घरात बसवत नाही नुसतं."

पेपर खाली आला. महिनाभर खाली वाकलेले भाऊंचे खांदे सरळ झाले.

"बसा, आजी. किती दिवस झाले?"

"दिवस कसले, वर्षं म्हणा!"

"अहो, चहा तरी होऊ द्या," वहिनी म्हणाल्या, पण तोवर त्यांनी आजींच्या हातात कप दिलाही होता.

सचिव धावत आले. त्यांनी भाऊंच्या कानात सांगितलं, की पान झाडावर असेपर्यंत आपल्या हद्दीत आहे, भिंतीपलीकडे पडलं की तो त्यांचा अंतर्गत प्रश्न. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसचा नंबर फिरवला.

"मी बोलतोय," भाऊ म्हणाले.

एवढंच. तीस वर्षांत त्यांना यापेक्षा जास्त ओळख सांगावी लागली नव्हती. पलीकडच्या कारकुनानं तो आवाज ऐकला आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. कोण बोलतंय हे विचारायची त्याची छाती झाली नाही. असा आवाज असलेल्या माणसाला नाव विचारलं की आपली बदली होते, एवढं त्याला अनुभवानं माहीत होतं.

"गटार तुंबलंय," भाऊ म्हणाले. "दुपारी मी बघणार आहे."

"हो साहेब. लगेच साहेब."

भाऊंनी फोन ठेवला. "आजी, काम झालं समजा."

दुपारी गटार आरशासारखं झालं. आजींनी ते गल्लीतल्या प्रत्येकाला हाताला धरून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी शिंपी उभा. त्याच्या दुकानासमोरचा दिवा दिवसभर जळायचा आणि अंधार पडला की विझायचा. त्याच्या मागे एक बाई, मुलीला बालवाडीत घेत नाहीत म्हणून. आठवडा उलटला आणि बागेतल्या वेताच्या खुर्च्या पुरेनात. लोक कुंड्यांच्या कट्ट्यावर बसायला लागले. आजी दारात काठी घेऊन नंबर लावायच्या. भाऊ "बोला, काय काम काढलंत?" म्हणायचे आणि आता समोरून उत्तर यायचं. त्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली, गोळ्या घ्यायचा विसर पडला.

"पुन्हा सुरू झालं ना सगळं?" वहिनी कुरकुरायच्या. "हा माझा चहा बघा, गार." आणि कुरकुरत कुरकुरत दुसरी किटली चढवायच्या.

या गल्लीला एक नगरसेवकही होता. घरातसुद्धा काळा गॉगल घालायचा, म्हणून लोक त्याला गॉगलशेट म्हणत. निवडणूक तोंडावर आलेली आणि आपल्या वॉर्डात कामं होतायत हे बघून गॉगलशेटचं धाबं दणाणलं. त्यानं कुठलंच काम केलेलं नव्हतं. म्हणजे कोणी तरी दुसरा उमेदवार तयारी करतोय! त्यानं माग काढला तर तो उमेदवार परक्या देशाचा राजदूत निघाला. गॉगलशेट तडक परराष्ट्र खात्यात जाऊन धडकला.

"बाहेरची सत्ता आमच्या गटारात शिरलीय!" त्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं.

झालं. राजदूतांना बोलावणं आलं. सचिवांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीत त्यांनी भाऊंना तिन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा घोकायला लावली.

परराष्ट्र खात्याच्या संचालकबाई कडक इस्त्रीच्या होत्या, कपड्यांनीही आणि स्वभावानंही. त्यांनी चष्मा लावला आणि निषेधाचा खलिता वाचायला घेतला.

"आमच्या अंतर्गत कारभारात आपण केलेल्या हस्तक्षेपाबद्दल तीव्र नाराजी. बाब पहिली, गटार."

"साफ झालं ना पण?" भाऊंनी विचारलं.

टेबलाखाली सचिवांनी भाऊंच्या पायावर पाय दिला.

"बाब दुसरी, रस्त्यावरचा दिवा."

"तो आता रात्री लागतो. जाऊन बघा."

"महामहिम, काम झालं की नाही हा मुद्दा नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या नागरिकांची कामं आमच्या सरकारनं करायची असतात."

"मग करा की!" भाऊ गरजले आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी बाक बडवावं तसं टेबल बडवलं. पाण्याचे ग्लास उडाले. सभागृहात यानंतर मागच्या बाकांवरून आरोळ्या उठायच्या. इथं मागे फक्त सचिव होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी चष्मा काढला. "यापुढे एक जरी फोन गेला, तरी आपल्याला परत बोलावून घ्यावं असं आम्ही आपल्या सरकारला कळवू."

परत म्हणजे कुठं, हे भाऊंना चांगलं ठाऊक होतं. ती ओसरी, त्या खुर्च्या. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं फाटकाला कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी सकाळीही बागेत चिटपाखरू नव्हतं. वहिनींनी चहा ओतला. वाफा येत होत्या.

"चहा अगदी गरम आहे," वहिनी म्हणाल्या.

"हं."

"मग प्या ना."

"तू पी."

दोघांनाही तो गेला नाही. भाऊ खुर्च्यांकडे बघत होते आणि वहिनी भाऊंकडे. आता हे त्या खुर्च्यांशी बोलायला लागणार, या भीतीनं वहिनींनी दोन खुर्च्या उचलून आत नेऊन ठेवल्या. तिसरी उचलत होत्या, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

दारात गॉगलशेट होता. गॉगल नव्हता, त्यामुळे आधी कोणी ओळखलंच नाही. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"भाऊ, तुमची माणसं परत घ्या," तो हात जोडून म्हणाला.

"माझी कुठली? तुमचे मतदार आहेत ते."

"अहो, तुमचं फाटक बंद झाल्यापासून सगळी गल्ली माझ्या पायरीवर येऊन बसलीय! ती समोरची आजी काठी घेऊन नंबर लावते. आंघोळीलासुद्धा जाऊ देत नाही. म्हणते, तक्रार करून त्यांचं बंद पाडलंस ना, मग आता तू कर."

"मग करा की," भाऊ म्हणाले. या वेळी हळू.

"कसं करू?" गॉगलशेटचा आवाज रडवेला झाला. "वॉर्ड ऑफिसला फोन केला तर विचारतात, आपण कोण? मी नाव सांगतो, हुद्दा सांगतो, पत्ता सांगतो. मग म्हणतात, उद्या बघू."

भाऊंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल माया दाटून आली. त्यांनी वहिनींच्या हातातली खुर्ची घेतली, पुढे सरकवली आणि त्याला बसवलं.

"नाव सांगता तिथंच चुकता. लावा फोन. म्हणा, मी बोलतोय."

"एवढंच?"

"एवढंच. आणि मग थांबायचं. घाई करायची नाही."

गॉगलशेटनं फोन लावला. "म... मी बोलतोय."

"पोटातून," भाऊ पुटपुटले.

"मी बोलतोय!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हो साहेब. बोला साहेब."

गॉगलशेटच्या डोळ्यांत पाणी आलं. निवडून आल्यापासून त्याला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यानं तक्रार मागे घेतली. आता रोज सकाळी तो भाऊंच्या शेजारी बसणार होता. ऐकणार भाऊ, फोन करणार गॉगलशेट. भाऊंचा स्वतःचा एकही फोन जाणार नाही, म्हणजे हस्तक्षेपाचा प्रश्नच नाही. याला म्हणायचं काय, एवढाच पेच उरला, आणि तो सचिवांनी सोडवला. त्यांनी संचालकबाईंना कळवलं, की राजदूत निवासात रोज सकाळी ‘लोकशाही अनुभवांची देवाणघेवाण’ हा कार्यक्रम होईल. बाईंनी परवानगी दिली. फोन ठेवता ठेवता त्यांनी सचिवांना विचारलं, या कार्यक्रमाला बाहेरच्या गल्लीतलं कोणी आलं तर चालतं का, कारण त्यांच्या इमारतीची लिफ्ट बरेच दिवस बंद होती.

पुन्हा फाटक उघडलं त्या सकाळी बाग नुसती फुलून गेली होती. शिंपी आला होता, ती बाई मुलीला बालवाडीत घेतलं म्हणून पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटत होती. गॉगलशेट पोटातून बोलत होता. भाऊ मधोमध बसले होते. आजी सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर, काठी आडवी धरून.

"बोला आजी, आज काय काम काढलंत?" भाऊंनी विचारलं.

"मला कसलं काम? मजेत आहे मी," आजी म्हणाल्या आणि ट्रे घेऊन आलेल्या वहिनींचा हात त्यांनी धरला. "आणि काय गं, त्या दिवशी तरी मला कुठं तक्रार होती? तूच आलीस माझ्या दारी. म्हणालीस, आजी, काहीही तक्रार घेऊन या हो, नाही तर आमचे हे पुन्हा खुर्च्यांशी बोलायला लागतील. मला आपलं काही सुचेना. शेवटी इकडेतिकडे बघून गटार तूच शोधून काढलंस!"

वहिनी लालबुंद झाल्या. "आजी, बिस्किट घ्या."

भाऊंना त्या सकाळचा ट्रे आठवला. दोघांचा चहा आणि कप तीन. तिसरा कप कोणासाठी, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सात निवडणुका जिंकलेल्या माणसाला बायकोच्या राजकारणाचा पत्ता लागला नव्हता.

वहिनी खाली मान घालून बाकीच्यांचा चहा ओतत होत्या. भाऊंनी मघापासून तसाच राहिलेला आपला कप उचलला. चहा गार होता. त्यांनी तो अगदी चवीनं प्यायला, रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला आणि राजदूत झाल्यापासून पहिल्यांदाच सचिवांनी शिकवलेलं वाक्य बरोबर जागी वापरलं.

"नोंद घेतली आहे," ते म्हणाले.

"मायदेशी कळवू नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या आणि फाटकाशी उभ्या असलेल्या पुढच्या माणसासाठी त्यांनी आतली खुर्ची आणायला सांगितली.