कोंबडी : एक सागरी प्राणी

ज्या तालुक्याला समुद्र नाही, त्यालाच समुद्राचा निःपक्षपातीपणे विचार करता येतो. म्हणूनच १९७९ च्या वैशाखात कर्जतला 'सागरी अन्नसाखळी चौकशी उपसमिती' स्थापन झाली, हे तिचा चिटणीस या नात्याने मी अभिमानाने नमूद करतो. पाच सभासदांपैकी दोघांनी समुद्र पाहिला होता. (पैकी एकाने ओहोटीच्या वेळी, म्हणजे चिखलच.)

चौकशीला कारण पोशीरच्या सोनुबाई. पावसाळ्यापूर्वी घराघरांत सुकट भरून ठेवतात, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, नखाएवढी कोळंबी. आवणीला दिवसभर चिखलात वाकून भात लावायचे आणि घरी येऊन भाकरीबरोबर मूठभर सुकट खायची, यावर सोनुबाईंचा पावसाळा निघतो. अलिबागकडच्या मोतीबाई दर वैशाखात टोपली घेऊन येत, तांदूळ नेत आणि सोनुबाईंचे मडके काठोकाठ भरून देत. वीस वर्षे यात खंड पडला नव्हता. त्या वर्षी मडक्यात जेमतेम चार मुठी पडल्या.

"चार मुठींत आवणी कशी निघंल गं?" सोनुबाईंनी विचारले.

"दर्या पयल्यासारखा थंड ऱ्हात नाय, बाय," मोतीबाई म्हणाल्या. "जवळा कवाबी येतो. आन येतो तो ट्रकात जातो."

सोनुबाईंनी ते मडके आणून आमच्या टेबलावर ठेवले. कामकाज सुरू झाले.

प्रथम समुद्र तापल्याच्या आरोपाची शहानिशा करणे आले. दवाखान्यातून थर्मामीटर मागवला. समुद्र लांब पडतो म्हणून तो नेरळच्या पुलाखाली नदीत पाच मिनिटे धरला. नदीला ताप नसल्याचे निष्पन्न झाले. नदी पुढे समुद्रालाच मिळत असल्याने समुद्रालाही नसावा, असा शेरा मारून तो मुद्दा निकालात काढला.

मग ट्रक. सभासद हिरू सायकलवरून त्याच्या मागे लागले. (वासामुळे रस्ता चुकण्याची भीती नव्हती.) ट्रक खोपोलीवरून कर्जतला आला, कळंबला वळला आणि एका पोल्ट्रीसमोर थांबला. आत तीन हजार कोंबड्या जवळा खात होत्या. पोल्ट्री आमचे अध्यक्ष पदूशेट यांची होती.

पुढच्या बैठकीत दोनदा चहा झाला, पावसाचा अंदाज झाला, ट्रकाचा विषय निघेना. अखेर खुद्द अध्यक्षांनीच कोंडी फोडली. मोठ्या मनाचा माणूस. त्यांचे म्हणणे असे की, जवळा बोंबील खातो, बोंबलाला घोळ मासा खातो, याला साखळी म्हणतात. आता जवळा कोंबडी खाते. खाणारा बदलला, खाणे चालूच आहे, मग साखळी तुटली कुठे? जवळा खाऊन जगतो तो सागरी प्राणी, आणि कोंबडी तर त्यावरच जगते.

ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (पाचवे सभासद बोंबील मिळतात का पाहायला गेले होते. मिळाले नाहीत.) तालुक्यातील सागरी प्राण्यांची संख्या एका दुपारी शून्यावरून तीन हजारांवर गेली. ही वाढ टक्क्यांत काढता येत नाही, हा गणिताचा दोष आहे.

सोनुबाईंनाही विन्मुख पाठवले नाही. समुद्रातील उत्पन्नाचा वाटा म्हणून त्यांच्या मडक्यात दोन डझन अंडी भरली.

त्यांनी मडक्यातले एक अंडे उचलून हातात तोलले. "अंडं पावसाळाभर टिकत नाय, शेट," त्या म्हणाल्या. "सुकट टिकते."

हे विधान विषयाला सोडून असल्याने इतिवृत्तात घेतले नाही. आषाढात पोशीरवरून जाताना त्या बांधावर जेवताना दिसल्या. भाकरी होती आणि मीठ होते. मला लाज वाटली. तिला अहवालात रकाना नव्हता.

अहवाल सर्वत्र वाखाणला गेला. साखळीच्या तक्त्यात मात्र कोंबडीच्या वरची जागा रिकामी राहिली आहे. पदूशेटची अंडी रोज पहाटे मुंबई-पुण्याला रवाना होतात. पुढे ती कोण खाते, हे उपसमितीला ठाऊक नाही. सोनुबाई अजून कर्जतच्या बाजारात भेटल्या की विचारतात, माझं मडकं खाल्लं कोणी?

आज सकाळी आपण आमलेट खाल्ले असल्यास कृपया आपले नाव आणि पत्ता कळवावा. त्यांना आपल्याकडेच पाठवतो.