कनवाळू अस्वलांचा लाकडी बोकड

कनवाळू अस्वलांच्या प्राचीन बंधुसंघाची स्थापना अकरा वर्षांपूर्वी झाली. आजारी बंधूला फुकट डॉक्टर, मेलेल्या बंधूला वाजतगाजत अंत्ययात्रा आणि त्याच्या विधवेला आधार, एवढं साधं आमचं ध्येय. इंडियानातल्या आमच्या गावात किराणा दुकानाच्या माडीवर आमची गुहा, म्हणजे सभा, भरत असे आणि मी तिचा लेखनिक अस्वल होतो. गावात एकूण चाळीस अस्वलं होती. खरं अस्वल कुणाच्या आजोबांनीही पाहिलेलं नव्हतं.

रूफस टिंगली हा छपरं घालणारा माणूस. एकोणीस वर्षांत तो एकदाही छपरावरून पडला नव्हता आणि म्हणूनच त्याची बायको हेटी धास्तावली होती. "आता तुझी पाळी जवळ आली," असं ती त्याला रोज न्याहारीला वाढता वाढता सांगायची. पाय मोडला तर डॉक्टर हवा, म्हणून त्याने संघाकडे अर्ज केला. एका शनिवारी दुपारी तीन वाजता डोळ्यांवर पट्टी बांधून आम्ही त्याला गुहेत आणलं.

दीक्षेच्या सात पायऱ्या असतात. तिसरी पायरी म्हणजे बोकड. हा बोकड लाकडी, केसाळ आणि चाकांवरचा. उमेदवाराला त्याच्यावर बसवायचं आणि एका बंधूने मागचा दांडा धरून त्याला सभागृहभर उधळायचं. अस्वलांच्या संघात बोकड कशाला, हा प्रश्न नियमपुस्तकात नसल्यामुळे कुणी विचारत नसे. रूफस पडला आणि काडकन आवाज झाला. आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या.

"मेलो! पाय मोडला!" रूफस ओरडला.

"उमेदवाराने पाचव्या पायरीपर्यंत बोलायचं नसतं," परमोच्च अस्वल क्लेंक म्हणाले. क्लेंकसाहेबांचं खुर्च्या आणि शवपेट्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच गंभीर.

संघाचे डॉक्टर हार्कनेस दुसऱ्या रांगेत बसून खारवलेली काकडी खात होते. ते लगबगीने उठले, त्यांना नियम आठवला आणि ते पुन्हा बसले.

"मी गुहेत फक्त बंधूला हात लावू शकतो, करारच आहे तसा. टिंगली अजून सातांतले तीन हिस्सेच बंधू आहे."

"मग तीन हिस्से तरी तपासा की हो! मोडलेला भाग त्यातच धरा!" रूफस कळवळला.

दुसऱ्या डॉक्टरला आत आणता येईना, कारण तो अस्वल नव्हता. रूफसला बाहेर नेता येईना, कारण गुहा सुरू झाल्यावर परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि तो शब्द सातव्या पायरीला मिळतो. तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. खाली दुकानात पीठ घ्यायला आलेली हेटी जिना चढून वर आली होती.

"रूफस! आत्ता धप्पकन पडला तो तूच ना रे?"

"मीच गं!"

"एकोणीस वर्षं छपरांवर टिकलास आणि लाकडाच्या बोकडावरून पडलास?" बोकडाचं गुपित अर्थातच सगळ्या गावाला ठाऊक होतं. "अहो, दार उघडा!"

"वहिनी, परवलीचा शब्द?" द्वारपालाने नम्रपणे विचारलं.

हेटीने जो शब्द उच्चारला तो परवलीचा नव्हता. इतिवृत्तात घेण्यासारखाही नव्हता.

आता एकच मार्ग उरला, उरलेल्या पायऱ्या उरकण्याचा. पण पाचव्या पायरीला उमेदवाराने स्वतःच्या पायांनी तीन फेऱ्या मारायच्या असतात. "पाय मोडल्याचा दाखला असेल तर सूट आहे," मी नियम वाचून दाखवला. "दाखला संघाच्या डॉक्टरांचाच हवा."

"तपासल्याशिवाय दाखला कसा देऊ?" डॉक्टर म्हणाले. "आणि तपासायचं तर तो आधी बंधू हवा."

"शिकागोच्या महागुहेकडून खास परवानगी मागवू," क्लेंक म्हणाले. "सहा आठवड्यांत येते."

"तोवर पाय आपोआप जुळेलही," डॉक्टर म्हणाले.

"जुळेल?" रूफसने आशेने विचारलं.

"वाकडा जुळेल."

"अहो, वाकड्या पायाने उतरत्या छपरावर मी उभा कसा राहणार? तीच तर माझी भाकरी!"

मला त्याची फार दया आली आणि तशी मी नोंदही केली.

शेवटी रूफस उठला. दोन अस्वलांच्या खांद्यांवर हात टाकून, किंचाळत, लंगडी घालत त्याने तीन फेऱ्या मारल्या. पेटीवाल्या बंधूने त्याच्या किंचाळण्याचा सूर पकडून कूचगीत वाजवलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बंधुप्रेमाचं असं दर्शन मला पुन्हा घडलं नाही. चार वाजून पाच मिनिटांनी त्याच्या कानात परवलीचा शब्द सांगण्यात आला आणि डॉक्टर अस्तन्या सरसावत पुढे झाले.

क्लेंकनी हातोडा आपटला. "लेखनिक, पाय किती वाजता मोडला?"

"तीन बावीसला."

"म्हणजे दुखणं सभासदत्वाच्या आधीचं. आधीच्या दुखण्याला संघ जबाबदार नाही. बंधू टिंगली, आमची सहानुभूती मात्र तुम्हाला पुरेपूर आहे."

सहानुभूतीचा ठराव एकमताने संमत झाला. रूफसने दाराशी परवलीचा शब्द सांगितला आणि हेटीने त्याला पाठुंगळी मारून घोड्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने काहीही न विचारता पाय बसवला. त्याचे रोगी कुठल्याच संघाचे सभासद नसतात, त्यामुळे त्याला तशी सवय नव्हती. पाय थोडा वाकडाच जुळला. आता रूफस जमिनीवर उभा राहतो आणि छपरावर चढलेल्यांच्या चुका काढतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ठराव मांडला की बोकड मोडीत काढावा. ज्यांना पटलं त्यांनी पंजे वर करायचे होते. एकच पंजा वर झाला, तो डॉक्टरांचा. डॉक्टर मंडळींना संघ बोकडावर न बसवताच दीक्षा देतो.

सगळ्यांनी रूफसकडे पाहिलं. तो कुबडी टेकत उभा राहिला.

"का म्हणून काढायचा? मी काय फुकटात अस्वल झालो? उद्या कुणीही सोम्यागोम्या दोन्ही पाय धड घेऊन आत येईल!"

टाळ्या थांबेनात. याच बोकडाने माझे पुढचे दोन दात पाडले आहेत. मीही पंजा खालीच ठेवला होता. मग नवा उमेदवार आणला गेला. पट्टीखालून त्याने घाबरत विचारलं, "फार लागत नाही ना?"

"छे हो! बसा निवांत," रूफस प्रेमाने म्हणाला आणि कुबडी बाजूला टाकून त्याने दांडा पकडला.

तुम्ही हसताय. जरूर हसा. फक्त काल तुमच्या कचेरीत किंवा घरात आलेल्या नव्या माणसाला "आमच्या वेळी तर याहून कठीण होतं" असं सांगताना तुमचे हात कशावर होते, तेवढं एकदा खाली बघून घ्या.