कापसाखाली गेलेला खुनी

रंगरावांच्या घरात यंदा माणसांना जागा उरली नव्हती. भाव चढला की विकू म्हणून आणून टाकलेला कापूस मधल्या खोलीत आढ्याला टेकायला आला होता. त्या ढिगाला पाठ लावून, लोखंडी पेटीवर टीव्ही विराजमान होता. अंगाला खाज सुटते म्हणून रंगराव स्वतः ओसरीत झोपायला गेले, पण टीव्ही जागचा हलला नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला त्याच्यावर 'फरार कोण' ही मालिका लागत असे आणि त्यांच्या बायकोचा, पुष्पाबाईंचा, तसा हुकूम होता.

मालिकेत नागपूरच्या एका शेठजींचा त्यांच्याच मोटारीत खून झालेला. संशयित चार: धाकटा भाऊ, दुसरी बायको, डॉक्टर आणि ड्रायव्हर. इन्स्पेक्टर सावनेरकर गेल्या हिवाळ्यापासून तपास करत होते आणि पुष्पाबाई त्यांच्यासोबत होत्या. गावात टीव्ही घरोघर होते, पण साडेसातच्या सुमारास बाया चुलीपाशी आणि रिमोट बाप्यांच्या हातात. त्यामुळे 'फरार कोण' पूर्ण पाहिलेली बाई गावात एकच होती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

वेचणी सुरू झाली तेव्हा या अभिमानाला एकदम किंमत आली. बीटी बियाणं आल्यापासून सगळ्यांच्याच वावरात बोंडं एकदम फुटतात आणि सगळ्यांनाच मजूर एकाच दिवशी हवे असतात. बाया कुणाकडे जातील ते त्यांची म्होरकी कौशल्याबाई ठरवायची. धुऱ्यापलीकडचे, बांधाला बांध लागून असलेले उकंडराव तिला जास्त मजुरी आणि वर दुपारी भजी द्यायला तयार होते. तरी बाया यायच्या रंगरावांकडे. वेचता वेचता पुष्पाबाई त्यांना 'फरार कोण' सांगत. अर्ध्या तासाचा भाग त्या तीन दिवस पुरवायच्या. बायांचे कान पुष्पाबाईंकडे असत, हात पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, चालत आणि ओट्या भरत जात.

"बियानं काय, कोनी बी घेईन," रंगराव धाड गावच्या बाजारात ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत. "पन अशी बायको कुठं भेटते?"

मागच्या वर्षी बोंडअळीनं हातात काही ठेवलं नव्हतं. यंदा पीक चांगलं उतरलं होतं आणि शेवटचं एक वावर तेवढं राहिलं होतं. नेमकं शुक्रवारी अजिंठ्याच्या डोंगराकडून आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला, तर पिवळा पडणार होता. कौशल्याबाईने घरी जाताना अट घातली, "उद्या येतो आमी. पन खुनी कोन ते उद्याच सांगा लागते. नाई तं आमी भजे खाले जातो."

"आज शेवटचा भाग हाये, उद्या सांगते तुमाले," पुष्पाबाईंनी शब्द दिला.

शुक्रवारी सात वाजता रंगरावांनी दार लावलं. बायकोला निवांत पाहता यावं, मध्येच उठून कापूस आत घ्यावा लागू नये, म्हणून दिवसभराची सगळी गाठोडी त्यांनी आधीच मधल्या खोलीत सोडून ढिगावर चढवली होती. मग ते स्वतःही ढिगाच्या कडेला टेकून बसले.

सावनेरकरांनी चौघांना बंगल्याच्या दिवाणखान्यात उभं केलं. ते चौघांच्या समोरून एकदा फिरले. सावनेरकरांनी बोट वर केलं.

"शेठजींचा खून करणारा माणूस याच खोलीत आहे. आणि तो म्हणजे..."

रंगरावांना राहवलं नाही. नीट दिसावं म्हणून ते पुढे सरकले, त्यांच्या पाठीचा आधार निघाला आणि अख्खा ढीग आढ्याकडून खाली आला. टीव्ही, सावनेरकर, चारही संशयित आणि रंगराव कापसाखाली गेले. आतून नुसता ढोलासारखा आवाज येत राहिला.

"अवो, बाजूले व्हा!" पुष्पाबाई दोन्ही हातांनी कापूस उपसू लागल्या.

"मी कुठं हाये तेच मले समजून नाई राह्यलं!" रंगराव आतून ओरडले.

पुष्पाबाईंनी आधी टीव्ही मोकळा केला, मग नवरा. तोवर पडद्यावर नावं पळत होती. मागोमाग बियाण्याची जाहिरात लागली आणि टपोरी बोंडं दाखवत एक माणूस त्यांच्याकडे पाहून हसला.

"माह्या नाकातोंडात कापूस गेला, मले काईच आयकू आलं नाई," रंगराव शिंकत म्हणाले. "तुले तं दिसलं असन? कोन होता?"

'फरार कोण'मधलं मला माहीत नाही, हे वाक्य पुष्पाबाईंनी आजवर उच्चारलं नव्हतं.

"दिसलं तं! पन तुमाले आज सांगतलं तं उद्या बायांले सांगाची मजा नाई राहत."

शनिवारी सकाळी आभाळ आणखी उतरलं होतं. बाया तासाला, म्हणजे आपापल्या ओळीला लागल्या आणि कौशल्याबाई म्हणाली, "हं, करा सुरू."

पुष्पाबाईंनी सुरुवात केली ती शेठजींच्या लहानपणापासून. दुसऱ्या बायकोच्या माहेरचं सगळं झालं. धाकट्या भावाने शेठजींना अबोला का धरला तेही झालं. बाया ऐकत होत्या, वावर पांढऱ्याचं हिरवं होत चाललं होतं. पण दुपार झाली, दिवाणखान्यात चौघं उभे राहिले आणि पुष्पाबाईंना पुढे सरकता येईना. एकाचं नाव घ्यावं आणि उद्या कुणी म्हणावं, बाई खोटं बोलली, तर? वर्षभर मिळवलेलं नाव कापसाबरोबर पिवळं पडायचं.

"सावनेरकरांनं पुन्ना एक चक्कर मारली," त्या म्हणाल्या.

"ही पाचवी चक्कर हाये," कौशल्याबाईने हात थांबवले. तिचं पाहून सगळ्यांनी थांबवले. "आता नाव सांगा, नाई तं आमी चाललो."

उकंडराव सकाळपासून धुऱ्यावरून पाहत होते. त्यांच्या वावरात कुत्रंही फिरकलं नव्हतं. हीच वेळ आहे हे त्यांनी ओळखलं आणि हाताचा भोंगा करून ओरडले, "अव, तिले काय इचारता? मी पाह्यला काल! खुनी ड्रायवर हाये! समजलं नं? चला आता माह्या वावरात!"

बायांचा विरस झाला. पुष्पाबाईंना मात्र उकंडरावांच्या पाया पडावंसं वाटलं. मागून रंगराव दगड शोधत होते, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

"नाव तं उकंडभाऊनं सांगतलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन तो सापडला कसा, ते बी सांगा म्हना."

सगळ्या बाया उकंडरावांकडे पाहू लागल्या. "सापडला म्हंजे... पोलिसानं पकडला. असाच सापडते ना मानूस," उकंडराव म्हणाले.

"याइच्यापेक्षा आमचा दादला बरा सांगते," कौशल्याबाई म्हणाली आणि पुन्हा पऱ्हाटीकडे वळली. "तुमी सांगा व, पुष्पाबाई."

आता पुष्पाबाईंच्या जिभेला अडवणारं कुणी नव्हतं. "सावनेरकरांनं इचारलं, बाबू, खून झाला त्या राती तू कुठं होता? ड्रायवर म्हने, साहेब, मी गावाले होतो. रातभर गव्हाले पानी देऊन राह्यलो होतो. धाकट्या भावाले खरं वाटलं, डॉक्टरले खरं वाटलं. सावनेरकर हासले. म्हने, त्या हप्त्यात तुमच्या गावाले पान्याच्या मोटरची लाइट दिवसाची होती. रातची नव्हतीच. मंग तुही मोटर कशावर चालली बे?"

बायांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या.

"हाव ना!" धुऱ्यावरून उकंडराव ओरडले. "बराबर हाये! दिवसाची लाइट असल्यावर रातच्याले पानी कसं देईन तो? मंग? मंग काय झालं, वहिनी?"

मग ड्रायव्हर पळाला. तो नागपूर सोडून खामगावपर्यंत आला. सावनेरकर मागे, आणि त्यांच्या मागे पुष्पाबाई. शेवटच्या तासात बेड्या पडल्या, तेव्हा वावरात एक बोंड शिल्लक नव्हतं. कौशल्याबाईने मान वर केली आणि हसू आवरत शेजारी पाहिलं. उकंडराव धुरा ओलांडून कधीच आत आले होते. गोष्टीच्या नादात ते कडेचा तास वेचत आले होते आणि धोतराच्या सोग्यात रंगरावांचा कापूस धरून उभे होते.

संध्याकाळी एक सर आली. तेव्हा कापूस घरात होता.

रविवारी वावरं ओली होती, काम नव्हतं, बरेचसे बाप्ये बाजाराला गेले होते. दुपारी टीव्हीवर शेवटचा भाग पुन्हा दाखवला आणि गावातल्या बायांनी पहिल्यांदाच रिमोट आपल्या हातात घेऊन तो पाहिला. तासाभराने कौशल्याबाई सगळ्यांना घेऊन रंगरावांच्या दारात उभी राहिली. मागे उकंडरावही होते. तिचा चेहरा पाहून पुष्पाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाह्यला आमी," कौशल्याबाई म्हणाली. "डॉक्टरले धरलं त्याइनं."

पुष्पाबाईंनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी मान खाली घातली. शुक्रवारी संध्याकाळी ते कापूस घेऊन नांदुऱ्याला गेले होते, हे पुष्पाबाईंना आत्ता आठवलं. त्यांनीही तो भाग पाहिला नव्हता.

"मले तं लय राग आला," कौशल्याबाई पुढे म्हणाली. "कम्पूटरचं एक बटन दाबलं आन डॉक्टरले नेलं! लाइटचं तं नाव बी नाई काढलं. बिचारा डॉक्टर फुकट गेला आन तो ड्रायवर फिरून राह्यला मोकळा. टीव्हीवाल्याइले काई समजते का नाई?"

"बराबर सांगाले डोकं लागते," मागची एक म्हणाली.

पुष्पाबाईंनी पदर सारखा केला. मान ताठ झाली ती त्यांना काही केल्या खाली घेता येईना. ओसरीतले रंगराव तर सगळं पीक आपणच उभं केल्यासारखे उभे होते.

उकंडराव पुढे आले. "वहिनी, वाफसा आला, वावर वाळलं का उद्या माह्या वावरात या. तुमी कापूस नका येचू. निस्तं सांगा. बाया म्हनतात, तुमी असान तरच येऊ."

"पयले मले इचारा लागते," रंगराव म्हणाले.

"तुमी बसा," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि कौशल्याबाईकडे वळून विचारलं, "येते मी. पन सांगू कोनतं? टीव्हीतलं का आपलं?"

"आपलं!" दारातल्या सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज उकंडरावांचा होता.