अंथुर्ण्याच्या सामन्यात शिवी कुणी दिली?

मंडळी, शिव्या बंद कशा करायच्या, ते मला विचारा! सन छत्तीसच्या हिवाळ्यात बारामती ते इंदापूर या सगळ्या टापूत हे काम जमेल असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे मी, बारामतीच्या शाळेतला ड्रिलमास्तर! निदान सामन्याच्या सकाळपर्यंत तरी माझं असंच मत होतं.

आमच्या पोरांना तेव्हा फुटबॉलचं वेड लागलं होतं. पायात बूट नाहीत, अंगठे फुटलेले, तरी मधल्या सुट्टीत भाकरी खायची सोडून चेंडूमागं! पोरं गुणी होती. पण सामना बघायला येणारी बापमंडळी? अरे देवा! त्यांतले अव्वल म्हणजे पिंपळीचे हिंदुराव. यांचा ऊस गावात सगळ्यांत उंच आणि आवाज उसाहून उंच. शिवीवाचून एक वाक्य पुरं होईल तर शपथ! बारामतीच्या सामन्यात त्यांनी पंचाचं सगळं कूळ उद्धारलं. दुसऱ्या दिवशी आमच्या हेडमास्तरांची चिमुरडी नात जेवताना आजीला म्हणाली की आमटीत मीठ कमी आहे. म्हणाली एवढंच, पण हिंदुरावांच्या शब्दांत!

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"मास्तर, पुढच्या सामन्यात पोरांच्या कानावर एक शिवी पडली ना, तर तो चेंडू मी शाळेच्या विहिरीत टाकीन! मग लेझीम खेळा जन्मभर!"

चेंडू विहिरीत? पण डोकं कुणाचं? माझं! मी तिथल्या तिथं तोड काढली.

"साहेब, शिव्या देतं कोण? पुरुष! मग मैदानाभोवती पुरुषच नकोत! फक्त आया, आज्या आणि लहान मुलं. ज्या तोंडांतून ओव्या येतात, त्या तोंडांतून दुसरं काय येणार?"

"वा!" हेडमास्तर म्हणाले. "वा, मास्तर!"

पुढचा सामना इंदापूरच्या शाळेशी होता. दोघांना सोयीचं म्हणून अधल्यामधल्या अंथुर्ण्याचं माळरान ठरलं. मी सगळा बंदोबस्त केला. पुरुषांसाठी लांब कालव्याकाठच्या आमराईत चहा आणि तंबाखू. मैदानाभोवती बायका आणि पोरं. पार दुसऱ्या टोकाला छोटा मांडव, त्यात हेडमास्तर आणि शाळा कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब. आणि हुकूम सोडायला माझ्या हातात पत्र्याचा कर्णा!

हिंदुराव तेवढे अडून बसले.

"म्हंजी? माझं पोरगं खेळणार आन् मी आमराईत चा पीत बसू व्हय, ×××?"

"त्या शेवटच्या शब्दासाठीच," मी म्हणालो आणि त्यांना वाटेला लावलं.

सामना सुरू झाला. काय शांतता! बायका पदर सावरून बसल्या होत्या, लहानगी पुढं रांगेत गुळाचे खडे चोखत होती. मांडवातून हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहून मान डोलावली. मी छाती काढून उभा राहिलो.

इतक्यात इंदापूरच्या रामहरीनं असा चेंडू हाणला, की तो थेट आमच्या गोलकीपरच्या, भीमाच्या पोटात बसला. भीमा मटकन खाली! चेंडू अडला, पण पोरगं वाकलं.

भीमाची आजी, कन्हेरीच्या प्रयागबाई, उठून उभ्या राहिल्या. बारामतीच्या बाजारात वांगी विकणारी ही बाई. मला नेहमी 'मास्तर लेकरा' म्हणायची आणि दोन वांगी वर घालायची. साक्षात माउली! या माउलीनं पदर खोचला आणि तोंड उघडलं.

"आरं ए मुडद्या! तुझं वाटुळं झालं तुझं! तुझ्या..."

पुढचं मला लिहिता येत नाही. छापखान्यातले खिळे वितळतील! भरलेली मोट पाटात उलटावी तशी ती बाई उलटली. सुरुवात रामहरीच्या पायापासून झाली, मग ती गुडघ्यावर चढली, आणि तिथून एकदम उडी मारून त्याच्या पणजोबांपर्यंत गेली! पणजोबांनी काय काय केलं असावं, हे तिनं इतकं खुलासेवार सांगितलं, की माझे कान भाजून निघाले.

मी हादरलो. पण एवढ्यावर थांबतंय कशाला? समोरून रामहरीची आई उठली! छबूबाई, याच अंथुर्ण्याची. शेलाटी, नाजूक, सकाळी मला लाजत लाजत गूळपाणी दिलं होतं तिनं!

"कुनाला म्हन्ती गं, भवाने? तुझ्या नातवाला उभं ऱ्हाता येत न्हाय, त्यात माझ्या पोराचा काय गुन्हा?"

हे एवढं सभ्य. याच्यापुढचं ऐकून झाडावरचे कावळे उडाले! मग काय, दोन्ही बाजूंच्या आया, मावश्या, आत्या सगळ्या उठल्या. हिंदुरावांच्या शिव्या यांच्यापुढं म्हणजे बालबोध! खेळाडू खेळायचे थांबले आणि कमरेवर हात ठेवून ऐकायला लागले. पंचाच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. आणि पुढच्या रांगेतली लहानगी? पाढे पाठ करावेत तशी ओठ हलवत होती! एक टिल्लू तर प्रयागबाईंचा पदर ओढत म्हणाला, "आज्जे, त्ये पनजोबाचं पुन्यांदा म्हन की!"

तेवढ्यात आमराईतून धावत हिंदुराव आले. चेहरा पांढराफटक!

"मास्तर, काय ह्ये! लेकरं हायती हितं!"

त्यांनी आपल्या पोरांचे कान झाकायला घेतले. पण पोरं तीन आणि हात दोन! एकाचे झाकले की दुसऱ्याचे उघडे. शेवटी त्यांनी धाकटीला काखोटीला मारली आणि माझ्यावर ओरडले, "आमी मानसं बोलतो, पर असं? छ्या! ह्ये म्या जन्मात ऐकलं न्हाय!"

मी धास्तावून मांडवाकडं पाहिलं. नशीब! वारा तिकडून इकडं वाहत होता. हेडमास्तरांना आवाज पोहोचतच नव्हता. त्यांना फक्त उंचावलेले हात दिसत होते. ते उठून रुमाल हलवत होते! बायका पोरांना धीर देताहेत, असंच त्यांना वाटलं असावं.

वारा फिरायच्या आत हे थांबवायला हवं! मी कर्णा घेऊन धावलो.

"बायांनो, शांत व्हा! शांत..."

"आना हिकडं त्ये!" म्हणून प्रयागबाईंनी कर्णा हिसकावला. आता आजीचा आवाज कर्ण्यातून पार बारामतीपर्यंत जाणार! पण देवाची कृपा, आजीनं रुंद बाजूनं तोंड आत घातलं. आतून नुसतं "हूंऽ हूंऽ" ऐकू आलं. छबूबाईला ते काहीच कळेना.

"काय म्हन्ती? नीट बोल की!" ती म्हणाली.

मी कर्णा धरून ओढला. आजी सोडेना. मी पुन्हा जोर लावला, तसा तो सुटला आणि मी कर्ण्यासकट मातीत बसलो. बायका खो खो हसल्या. छबूबाई वाकून मायेनं म्हणाली, "मास्तर, तुमी आमच्या मदी कशाला पडता? आमी नीटच बोलतोय न्हवं?"

नीट? हे नीट? माझं डोकंच फिरलं!

"गाढवं आहात सगळी! गाढवं!"

कर्ण्याची अरुंद बाजू माझ्या तोंडाशी होती, हे मला त्यानंतर कळलं. रुंद बाजू मांडवाकडं होती, हेही त्यानंतरच कळलं. "गाढवं... गाढवं..." सगळ्या माळावर घुमलं. सगळं एकदम चिडीचूप झालं.

"अगं बया!" प्रयागबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मास्तर लेकरा! पोरांच्या देखत?"

"शिकल्यालं मानूस न्हवं ह्ये!" छबूबाईनं डोळ्याला पदर लावला. प्रयागबाईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "रडू नगं गं बाई. आसत्यात काही मानसं वंगाळ."

हेडमास्तर धोतराचा सोगा धरून धावत आले. मागून आबासाहेब.

"मास्तर, तुम्ही? आणि मातांना?"

"साहेब, पण या काय बोलत होत्या ते..."

"काय बोलत होत्या?"

मी तोंड उघडलं. समोर पोरं, बाजूला आबासाहेब. मी तोंड मिटलं.

"सांगा की," प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या.

मी साक्षीला हिंदुरावांकडं पाहिलं. हिंदुरावांनी प्रयागबाईंकडं पाहिलं आणि ते म्हणाले, "आमी तर आमराईत व्हतो, साहेब. आमाला काय ठावं?"

त्याच कर्ण्यातून मला सर्व आयांची माफी मागावी लागली. आबासाहेब मोठ्या मनाचे. "मास्तरांचं तोंड सुटलं, त्यात पोरांचा काय दोष? चेंडू राहू द्या," म्हणाले. पोरांनी मला उचलून घेतलं. तेवढंच बरं वाटलं.

गुळाची लॉरी बायापोरांना घेऊन आधी बारामतीला गेली. मी दुसऱ्या खेपेला. घरी पोहोचलो तर आमची विजयमाला भिंतीकडं तोंड करून बसलेली! लग्नापासून मोठ्यानं न बोललेली बाई.

"तुम्ही बायकांना असं बोललात?"

"अगं, गाढवं म्हणालो फक्त!"

"खोटं नका सांगू. सगळ्या पेठेला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणालात ते." आणि तिनं माझ्या कानात तो शब्द सांगितला.

अंथुर्ण्याहून बारामतीला येईस्तोवर माझ्या गाढवाचं काय झालं होतं! तसला शब्द मी प्रयागबाईंच्या तोंडूनही ऐकला नव्हता. शप्पथ सांगतो, मला त्याचा अर्थसुद्धा कळला नाही.

"याचा अर्थ काय गं?" मी भीत भीत विचारलं.

तिनं सांगितला. अगदी सविस्तर!

तिला तो कुठून ठाऊक, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.